मनःस्वास्थ्य आणि आपले दातृत्व
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वैद्यकीय साहाय्य निधीविषयी बोलण्यास कोणी उभे राहिले की श्रोत्यांची दृष्टी घड्याळाकडे वळते, हे आम्ही जाणून आहो. अहवाल छापलेला असतो, जमाखर्च तपासलेला असतो आणि भोजनाची वेळ जवळ आलेली असते. तरीही आज आपला थोडा अधिक वेळ मागून घेत आहो. निधीपुढे या वर्षी एक असा अर्ज आला आहे की, पाच-सात जणांच्या बैठकीत त्याचा निकाल लावून टाकणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

हा अर्ज कोणा रुग्णाचा नसून डॉक्टरांच्या एका संस्थेचा आहे. निर्णय व्हावयाचा असताना नाव उच्चारून सभेवर भिडेचा भार घालू नये, म्हणून संस्थेचे नाव आम्ही घेत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, जुनाट डोकेदुखी, पोटाचे विकार अशा व्याधींनी वर्षानुवर्षे त्रासलेल्या लोकांच्या शरीरावर उपचार चालू असतानाच त्यांच्या मनाचीही विचारपूस व्हावी, एवढ्यासाठी या डॉक्टर मंडळींनी एक केंद्र चालविण्याचे योजिले आहे. जागा त्यांच्यापाशी आहे. खुर्च्या, टेबले, सतरंज्या आहेत. त्यांनी आपणाकडे मागितले आहे ते येणेप्रमाणे: मानसोपचारतज्ज्ञाचे आठवड्यातून दोन दिवसांचे मानधन, एका समुपदेशिकेचे पूर्ण वेतन, एका योगशिक्षकाचे वेतन, आणि रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कारकुनाचा पगार, तोही एक वर्ष नव्हे, तीन वर्षे.

बैठकीत पहिलाच प्रश्न निघाला तो असा, की यात आपल्या संस्थेचे नाव कोठे लागणार? प्रश्न विचारणाऱ्या सद्गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. आपले दातृत्व दगडावर वाढलेले आहे. वसतिगृहाच्या जिन्याशी संगमरवरी फलक आहे, सभागृहाच्या दारावर आहे, वाचनालयाच्या कपाटावर आहे. पाण्याच्या पिंपावर आहे, आणि पंख्याच्या पात्यांवरही कोणाच्या तरी मातोश्रींचे नाव दिवसभर गरगर फिरत असते. त्या फलकांनी आपली संस्था उभी केली, हे कृतघ्न होऊन विसरता येणार नाही. परंतु कारकुनाच्या पगारावर फलक कोठे लावावयाचा? समुपदेशिका एखाद्या विधवेशी पाऊण तास बोलली, त्या पाऊण तासावर कोणाचे स्मरणार्थ म्हणून लिहावयाचे? आजचा आमचा विषय या अडचणीचाच आहे.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. शरीर आणि मन यांचा संबंध आहे, हे आपणांस कोणी परदेशातून येऊन सांगावे लागत नाही. चरकसंहितेने शरीर आणि मन ही दोन्ही रोगांची आश्रयस्थाने मानली आहेत. आपल्या बोलण्यातही ते आहेच. धसक्याने माणूस खचतो, काळजीने अन्न जात नाही, संतापाने डोके उठते, हे आपण रोज म्हणतो. आधुनिक वैद्यकाने एवढेच केले की, हा व्यवहार शरीरात कोणत्या वाटेने चालतो ते शोधून काढले. पायाशी साप दिसला असता मेंदूतून सुटलेली आज्ञा मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहानशा ग्रंथींपर्यंत जाते, त्यांतून ॲड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते, नाडी धावू लागते, रक्ताचा दाब चढतो, रक्तातील साखर वाढते, आणि माणूस उडी मारून बाजूस होतो. साप निघून गेला की सारे पूर्ववत होते. पण घराचा हप्ता, मुलाची नोकरी, अंथरुणास खिळलेली सासू, हे साप निघून जाणारे नव्हेत. ते उशाशीच असतात. मग चढलेला दाब उतरावयाचा कधी?

उलट वाटेनेही हे घडते. शरीर मोडले की मन मोडते आणि मोडलेले मन शरीरास सावरू देत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांची एक पाहणी कॅनडातील माँट्रियल येथील संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केली. झटक्यानंतर ज्यांना गंभीर विषण्णतेने ग्रासले होते, त्यांच्यांत पुढील सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक आढळले. औषधांची यादी हातात देऊन आपण रुग्णास घरी आणतो. तो खिडकीशी बसून कोणाशी बोलत नाही, याची नोंद त्या यादीत कोठेच नसते.

आमच्या निधीकडे येणारे अर्ज चाळले म्हणजे ही गोष्ट निराळ्या रीतीने दिसते. अर्जासोबत तपासण्यांचा गठ्ठा असतो. छातीत धडधडते म्हणून हृदयाचा आलेख काढलेला, पोट बिघडते म्हणून आतड्यात दुर्बीण घातलेली, डोके दुखते म्हणून मेंदूचे चित्र घेतलेले. प्रत्येक कागदाच्या तळाशी डॉक्टरांनी लिहिलेले असते की, दोष आढळला नाही. निधीने या कागदांचे पैसे वर्षानुवर्षे भरले आहेत. दोष आढळला नाही हे वाचून घरच्यांना हायसे वाटते, रुग्णास मात्र वाटत नाही, कारण त्याचे दुखणे तसेच असते. मग दुसरा डॉक्टर, दुसरा गठ्ठा. तपासणीला पैसे मागताना कोणास संकोच वाटत नाही. 'मला झोप येत नाही, जीव नकोसा झाला आहे' असे लिहून साहाय्य मागणारा अर्ज मात्र आमच्या पाहण्यात नाही. लोक 'अशक्तपणा' असे लिहितात.

आता कोणी म्हणेल की, मनावर उपचार करून रक्तदाब उतरतो हे साधुबैराग्यांचे बोलणे झाले. देणगी द्यावयाची तर त्यास आधार पाहिजे. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शोधण्यास लांब जावयास नको. ते लोणावळ्यास आणि परळला आहे.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झालेले गृहस्थ, यांचा जन्म १८८३ चा. यांनी योगविद्या माधवदासजी महाराजांकडून घेतली. पण गुरूने सांगितले म्हणून खरे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी नौली आणि उड्डियान या क्रिया चालू असता शरीरात काय घडते ते क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. त्यात प्रयोगांची माहिती आकड्यांसह येऊ लागली. शंभर वर्षे उलटली तरी ते नियतकालिक चालू आहे. नियतकालिक चालविणे म्हणजे काय, हे ही स्मरणिका दर वर्षी जाहिराती गोळा करून काढणाऱ्या आमच्या संपादक मित्रांस विचारावे. कागद, छपाई, टपाल. आणि शेवटी दाखवावयास इमारत काहीच नाही.

कैवल्यधामास दाते मिळाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील केंद्रास ईश्वरदास चुनीलाल यांचे नाव आहे, आणि लोणावळ्याच्या यौगिक रुग्णालयास श्रीमती अमोलकदेवी तीरथराम गुप्ता यांचे. या मंडळींचे उपकार आहेतच. पण त्या भिंतींच्या आत रोज सकाळी उठून रुग्णांस श्वास कसा घ्यावा हे शिकविणारा मनुष्य नसता, तर भिंतींचे काय झाले असते, हे सांगावयास नको.

परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयात १९६० नंतरच्या दशकात जे घडले, ते तर आपल्या प्रस्तुत अर्जास अगदी लागू पडणारे आहे. तेथील मानसोपचार विभागाचे डॉ. वाहिया यांनी कैवल्यधामाचे डॉ. विनेकर यांच्या साहाय्याने पातंजल योगाच्या आधारे मनोविकारांवर उपचाराची एक पद्धती बसविली. तिची माहिती १९६६ साली इंग्लंडातील मानसोपचारविषयक नामांकित नियतकालिकात छापून आली. आसने, प्राणायाम आणि त्यांपुढील एकाग्रतेचा अभ्यास, हे सर्व रुग्णाने रुग्णालयात येऊन रोज, आठवडेच्या आठवडे करावयाचे, अशी ती पद्धती होती. त्याच रुग्णालयाच्या हृदयविकार विभागातील डॉ. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी, पुन्हा डॉ. विनेकरांस बरोबर घेऊन, उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांस शवासन शिकविले. रुग्णाने उताणे पडावयाचे, सर्व अंग सैल सोडावयाचे, श्वास संथ आणि लयबद्ध ठेवावयाचा, आणि नाकपुड्यांशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे चित्त लावावयाचे. दररोज सुमारे अर्धा तास. १९६९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अनेकांचा रक्तदाब उतरला आणि औषधे चालू असलेल्यांपैकी कित्येकांची मात्रा कमी करता आली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. मात्रा कमी केली ती डॉक्टरांनी, पुनःपुन्हा दाब मोजून. हे वाचून कोणी घरी जाऊन गोळ्या खिडकीतून फेकून देईल आणि सतरंजी अंथरील, तर त्याचे होणारे नुकसान शवासनाच्या माथी मारू नये.

या प्रयोगाला यंत्र कोणते लागले? रक्तदाब मोजण्याचे, जे प्रत्येक दवाखान्यात असते तेच. वास्तू कोणती लागली? माणूस आडवा होईल एवढी जमीन. खर्च झाला तो माणसांच्या वेळेचा. रुग्णास पहिल्या दिवशी अंग सैल सोडता येत नाही. आठव्या दिवशीही येत नाही. 'आज जमले नाही तर उद्या जमेल' असे रोज नव्याने म्हणणारा शिक्षक तेथे हजर लागतो, आणि त्यास घरसंसार असतो. 

त्या रुग्णालयाचा आणि त्यास जोडलेल्या महाविद्यालयाचा इतिहासही आपणांस काही सांगतो. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाचे हे महाविद्यालय आणि ते रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. शेठजींच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की, येथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच असावेत. त्या काळी सरकारी वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा बहुतांशी गोऱ्यांच्या हाती होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे मोल कळते. विश्वस्तांनी भिंतींची लांबी-रुंदी ठरविली नाही, आत कोण बसेल ते ठरविले. महाविद्यालयास त्यांचे नाव लागले ते वेगळेच. पण चाळीस वर्षांनंतर दाते आणि वाहिया यांनी तेथे बसून जे केले, त्याची मुळे आम्हांस त्या नावापेक्षा त्या अटीत अधिक दिसतात.

आपल्या जुन्या धर्मग्रंथकारांनाही हा विचार नवा नव्हता. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या चतुर्वर्गचिंतामणीत दानखंड म्हणून मोठा भाग आहे. भूमिदान, गोदान, सुवर्णदान यांबरोबर त्यात आरोग्यदानही सांगितले आहे. आरोग्यशाळा बांधा, एवढे सांगून तेथे भागविलेले नाही. तीत औषधे असावीत आणि जाणता वैद्य असावा, हेही सांगितलेले आहे. तेराव्या शतकातील ग्रंथकारास जे सुचले ते आपल्या उपसमितीस सुचण्यास हरकत नसावी.

आता ज्या विषयाकडे येण्यास आम्हांस स्वतःलाही थोडे बळ आणावे लागते, त्याकडे येतो.

१९०१ साली ठाण्यास मनोरुग्णांचे रुग्णालय सुरू झाले. त्यास नरोत्तमदास माधवदास या धनिकाचे नाव आहे. आम्हांस या गोष्टीचे फार नवल वाटते. वेड्यांचे इस्पितळ म्हणून ज्याचे नाव घेण्यास लोक कचरत, त्या जागी एका प्रतिष्ठित कुळाने आपले नाव घातले आणि ते शतकाहून अधिक काळ तेथे आहे. आपण काय केले? 'ठाण्यास पाठवा', 'येरवड्यास नेऊन टाका' असे शब्द विनोदासाठी भाषेत रूढ केले. त्या इस्पितळाचा दाता कोण, हे या सभागृहातील किती जणांस ठाऊक होते?

ज्ञातिसंस्थेचे एक मोठे कार्य म्हणजे वधूवरसूचन. त्या वहीत जन्मवेळ असते, गोत्र असते, उंची, वर्ण, शिक्षण, वार्षिक प्राप्ती हे सर्व असते. आणि त्या वहीचीच भीती आपल्या घराघरांतून पसरलेली आहे. घरात कोणा एकाचे मन आजारी आहे असे कळले, तर त्याच्या बहिणीचे लग्न अडेल, पुतणीचे अडेल. म्हणून उपचार परगावच्या डॉक्टरांकडे, तोही रात्रीचा, तोही दुसऱ्या नावाने. गोळ्या पिठाच्या डब्यामागे. अशा एका घरातील मुलीची हकीकत डॉक्टर मंडळी सांगतात, ती एकीची नाही, पुष्कळींची आहे. गोळ्यांनी मुलगी चांगली सावरलेली असते. लग्न ठरते. सासरी कळू नये म्हणून हळदीच्या दिवशी गोळ्या बंद होतात. दोन-तीन महिन्यांत आजार उलटतो. मग सासरचे म्हणतात फसविले, माहेरचे म्हणतात तेथेच छळ झाला असला पाहिजे; दोन्ही घरे न्यायालयाच्या पायऱ्या चढतात, आणि ती मुलगी, जिला एक गोळी आणि आठ तास झोप एवढीच गरज होती, ती मधल्या मध्ये चिरडली जाते. हे दोष देण्यासाठी आम्ही सांगत नाही. लपविणाऱ्या बापाची छाती कशाने धडधडते ते आम्हांस ठाऊक आहे. पण ती वही आपण राखतो, संमेलन आपण भरवितो. तेव्हा या भीतीत संस्थेचा वाटा काहीच नाही, असे म्हणता येत नाही.

बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मनःस्वास्थ्याचे राष्ट्रीय सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त आढळले, आणि विकारपरत्वे त्यांतील ७० ते ९२ टक्के उपचाराविना होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून महाराष्ट्र निराळा असेल, असे मानण्यात ज्यांस समाधान असेल त्यांनी ते मानावे. कायदा मात्र पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. २०२२ पासून सरकारने टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ठेवली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे, तो ज्यांना हवा असेल त्यांनी, आणि ज्यांना आपल्याला तो नको असे वाटते त्यांनीही, लिहून घ्यावा.

प्रस्तुत केंद्राचा विशेष लाभ आम्हांस येथेच दिसतो. तेथे जाणारा मनुष्य रक्तदाबासाठी जातो. शेजारी विचारतील तर साखर तपासावयास गेलो होतो असे त्याने सांगावे, ते खोटे नसेल. दारावर वेड्यांचा डॉक्टर अशी पाटी नाही. त्याच बाकावर दमेकरी बसला आहे, त्याच बाकावर झोप हरपलेली गृहिणी बसली आहे. मनोविकाराविषयीचा संकोच मोडावा हे खरे. पण तो मोडेपर्यंत माणसांनी उपचाराविना राहावे काय? संकोच असतानाही ज्या दाराने आत जाता येते असे एक दार उघडणे, हे आम्हांस व्यवहाराचे वाटते.

देणगी देताना डोळे उघडे ठेवावेत, हे आम्ही निधीचे काम पाहणारे लोक विसरू शकत नाही. मन आणि शरीर यांच्या नावावर आज पुष्कळ दुकाने निघाली आहेत. कोणी चुंबक बांधतो, कोणी दोन दिवसांच्या शिबिरात सर्व रोग घालविण्याची हमी देऊन जबर शुल्क घेतो, कोणी इन्सुलिन सोडावयास सांगतो. या मंडळींस एक पैही जाऊ नये. आम्ही अर्जदार डॉक्टरांस तीन गोष्टी विचारल्या. रुग्णांच्या नोंदी कशा ठेवणार, आणि त्यांची नावे आपल्या देणगीदारांपासून कशी गुप्त ठेवणार? हिशेब कोण तपासणार? आणि आपल्या हातून कोणते आजार बरे होणार नाहीत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी सर्वांत लांब दिले. तीव्र मनोविकाराचा रुग्ण, आत्महत्येच्या काठावर आलेला रुग्ण, यांस आम्ही सतरंजीवर झोपविणार नाही. तत्काळ रुग्णालयात पाठवू, असे त्यांनी लिहून दिले आहे. आमचा विश्वास बसला तो या उत्तराने.

आणखी एक आक्षेप उपसमितीत निघाला. केंद्रात सर्व जातींचे लोक येणार. मग ज्ञातीचा पैसा तेथे का? याचे एक उत्तर हिशेबाचे आहे. केवळ एका जातीच्या हितासाठी असलेल्या संस्थेस दिलेल्या देणगीवर साधारणतः प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, हे आमच्या कोषाध्यक्षांनी अनेकदा देणगीदारांस समजावून सांगितले आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदणीकृत न्यासास दिलेल्या देणगीची गोष्ट वेगळी. दुसरे उत्तर असे की, आपल्या मुलीस त्या बाकावर बसावयाचे असेल तर तो बाक केवळ आपल्या ज्ञातीचा नसणे तिलाच सोयीचे आहे. तेथे मावशी भेटणार नाही.

द्यावयाचे कसे, हा प्रश्न उरला. आपली सवय एकरकमी देण्याची. श्राद्धदिनी, साठीशांतीस, पंच्याहत्तरीस. त्यातून कायम ठेव होते, ठेवीचे व्याज येते, आणि व्याजाचे दर उतरले की योजना आटते. पगार मात्र दर महिन्याच्या एक तारखेस द्यावा लागतो. म्हणून उपसमितीने असे सुचविले आहे की, या कामापुरती कायम ठेव न करता तीन वर्षांचे वचन देणारे वर्गणीदार मिळवावेत. रक्कम लहान असली तरी चालेल, परंतु ती ठरल्या महिन्यास यावी. ज्यांस कोणाच्या स्मरणार्थ द्यावयाचे असेल त्यांचे नाव फलकावर नाही, पण निधीच्या वार्षिक अहवालात छापले जाईल. ज्यांस नाव नको असेल त्यांचे छापले जाणार नाही, आणि आमचा अंदाज आहे की या कामास तसे देणारे पुष्कळ निघतील. ज्यांच्या घरी हे दुःख आहे ते नाव लावून देणार नाहीत, पण देतील.

अशा दानाचे उदाहरण मराठी माणसास परके नाही. पुण्यात गर्दच्या व्यसनाने तरुण मुले नासू लागली तेव्हा, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यास पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आरंभीचे द्रव्यसाहाय्य केले. जागा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातील होती, म्हणजे ज्या नावाने आपण एकमेकांस चिडवितो त्याच आवारातील. पु. लं.च्या नावावर महाराष्ट्रात वाटेल तेवढी मोठी इमारत उभी राहिली असती. केंद्राचे नाव मुक्तांगणच राहिले. तेथे जे झाले ते बोलण्याने झाले, गटात बसण्याने झाले, व्यसनातून बाहेर आलेल्याने नव्याने आलेल्याचा हात धरण्याने झाले. आणि ज्या मुलांना त्यांच्या घरांनी दार लावून घेतले होते त्यांपैकी कित्येक पुन्हा त्या दाराने आत गेली.

अर्जावरील निर्णय कार्यकारी मंडळ पुढील बैठकीत घेईल. तत्पूर्वी किती सभासद तीन वर्षांचे वचन देण्यास सिद्ध आहेत, हे मंडळास कळणे अवश्य आहे. त्यासाठी छापील पत्रके बाहेरच्या टेबलावर, कोषाध्यक्षांपाशी ठेविली आहेत. पत्रकावर नाव, पत्ता, मासिक रक्कम आणि नाव छापावे की न छापावे एवढेच विचारले आहे. पत्रक घडी करून पेटीत टाकावयाचे आहे. पेटी बंद आहे आणि ती उघडताना आम्ही दोघेच असू. ज्यांस आज येथे, सर्वांसमक्ष, पत्रक उचलणे अवघड वाटत असेल त्यांनी ते टपालाने मागवावे. पाकिटावर संस्थेचा शिक्का असणार नाही.